पावडरनं धुतलेली नोट

दुकानदारानं पाचशेची नोट उजेडाकडे धरली, की अजूनही माझं डोकं फिरतं. धर बाबा, खुशाल धर, उलटीसुलटी करून पाहा. फक्त तो निळा दिवा माझ्यासमोर काढू नको.

जुन्या नोटा बंद झाल्या, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. त्या साली आमच्या महागावकडं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. आतून बोंडअळी पोखरत होती आणि मालक लोकांना एकच सुचत होतं, फवारा. बाबा रोजीनं फवारणीला जायचे. झाडं उंच, म्हणून पंपाची नळी वर धरावी लागायची, आणि वर मारलेलं सगळं तोंडावर यायचं. आमच्याकडं त्या विषालाही औषधच म्हणतात. नाकातोंडाला बांधायला दुपट्टा असायचा, डोळ्यांना काहीच नाही.

एका शुक्रवारी सांजेला बाबा भिंत धरत धरत घरी आले. "मले धुकट दिसून राह्यलं व," एवढं मायला म्हणाले आणि अंगणातच ओकले. सदऱ्याच्या खिशात रोजीच्या पाचशेच्या दोन नोटा होत्या, औषधानं चिंब. मायनं बाबांना आंघोळ घातली, सदरा वेगळा धुतला, आणि मग नोटाही धुतल्या.

हसू नका. फवारणीच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातल्या बाया नोटा धुवायच्याच. नोट धरलेला हात पोरांच्या तोंडाला लागायचा, मग विष घरात ठेवायचं कसं? माय ताटात पाणी घ्यायची, त्यात कपड्याची पावडर टाकायची, नोट बोटांनी हळूच चोळायची आणि दोरीवर चिमटा लावून वाळवायची. नोट फाटत नसे, वास मात्र जायचा.

शनिवारी बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं खाटा फवारणीवाल्यांनीच भरल्या होत्या. डॉक्टरांनी डोळ्यांच्या औषधाची चिठ्ठी दिली. बाहेरून आणा, आजच्या आज सुरू करा, नाहीतर नजरेचं काही सांगता येत नाही, म्हणाले. मी तेव्हा बारावीत होते. चिठ्ठी घेऊन मी आणि माय समोरच्या मेडिकलात धावलो.

मेडिकलवाल्यानं औषध काढून काउंटरवर ठेवलं. मग आमच्या नोटा एका डब्यातल्या निळ्या दिव्याखाली सरकवल्या. खरी नोट त्या उजेडात काळपट दिसते, तिच्यातली तार आणि आकडे तेवढे चमकतात. आमच्या नोटा अख्ख्या चमकल्या, मांडवातल्या ट्यूबलाइटसारख्या.

"नकली हाय," तो म्हणाला. "दोन्ही."

"नकली कायले राहीन, भाऊ?" माय म्हणाली. "मी धुतल्या ना त्या. पावडरनं धुतल्या. फवाऱ्याचं औषध लागलं होतं."

तो हसला. मागं उभे असलेलेही हसले. "नोटा कोणी धुते काय व बाई?"

मी नोट उजेडाकडे धरून आतला चेहरा दाखवला. तिरकी करून हिरवी तार निळी होते तेही दाखवलं. "पोरी, मशीनले तुह्यापेक्षा जास्त समजते," तो म्हणाला. मग त्यानं लाल पेन घेतला आणि दोन्ही नोटांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली. "पोलिसाले बलावत नाही, हे उपकार समजा." औषध परत फळीवर गेलं. माझी माय काउंटरवर हात ठेवून, "मी खरं सांगून राह्यलो, भाऊ, खरं सांगून राह्यलो," एवढंच म्हणत होती. त्या दिवशी मला त्याचं दुकान पेटवून द्यावंसं वाटलं, आणि आजही वाटतं.

काय सांगू! त्याच रस्त्यावर बोगस बियाणं विकलं जात होतं. बिनाबिलाच्या विषाच्या बाटल्या विकल्या जात होत्या. त्या तपासायला कोणाजवळ दिवा नव्हता. दिवा होता तो मजुराच्या दोन नोटांसाठी.

फुली मारलेली नोट कोण घेणार? पुढच्या मेडिकलवाल्यानं ती बोटानंच मागं सरकवली. मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "मी कोऱ्या देल्ल्या. तुम्ही कुठं बदलवल्या, मले काय माईत?" बाजूच्या खाटांवरचे सगळे आमच्यासारखेच, मागायचं कोणाला? बँक बंद झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. माय बाबांच्या डोळ्यांवर ओला फडका ठेवत बसली.

सोमवारी बँकेतल्या माणसानं नोटा हातात घेतल्या, अंगठ्यानं चोळल्या, उजेडात पाहिल्या. "धुतल्या होत्या का?" त्यानं आपणहूनच विचारलं. "पावडरीनं नोट दिव्याखाली चमकते. खऱ्या आहेत. कागद कापसाचा असतो, धुतला तरी टिकतो." आणि दुसऱ्या नोटा दिल्या. माय "धन्यवाद"ही म्हणाली नाही, नोटा घेऊन पळतच सुटली.

डॉक्टरांनी औषध घातलं, पापण्या उघडून पाहिलं. "शनिवारीच मिळालं असतं तर..." म्हणाले. बाबांना आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

बाबा आता खाटा विणतात. नोटेच्या कडेला उभारलेल्या रेघा असतात, त्या बोटांनी कशा चाचपायच्या, ते मी त्यांना शिकवलं. पण पट्टी ओढून ओढून बोटांना घट्टे पडलेत, त्यांना रेघ लागत नाही. मागच्या सुटीत घरी गेले, तेव्हा बाबांनी मोठ्या खुशीत खिशातून एक नोट काढली.

"पाह्य, पाचशेची. कोरी करकरीत. खाटेचे देल्ले त्यानं."

ती पोरांच्या खेळण्यातली नोट होती. वर ठळक अक्षरांत मुलांची बँक म्हणून छापलेलं. कोण्या हरामखोरानं विणलेली खाट उचलून नेली आणि आंधळ्या माणसाच्या हातात ती टेकवली होती. माझ्या तोंडात शिवी आली.

"खरी हाय ना व?" बाबांनी विचारलं.

माझ्या आधी मायनं नोट घेतली. तिला वाचता येत नाही, नोट मात्र बरोबर कळते. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"खरी हाय," ती म्हणाली.

बाबांनी लगेच मान हलवली आणि पुढची पट्टी ओढली. त्या काउंटरवर माय खरं सांगत होती, तेव्हा एकाही माणसाला पटलं नव्हतं.

खऱ्या नोटा धुवायला जायची, तशीच माय ती नोट घेऊन न्हाणीत गेली. बाबांना ऐकू यावं म्हणून तिनं पावडरचा डबा जरा जोरानंच उघडला. मी मागं जाऊन पाहिलं, तर ताटातल्या पाण्यात नोटेचा रंग उतरत होता आणि माय ती चोळतच होती.