होडीतली माणसं

शिरूरच्या बन्यामीन साळव्यांची, म्हणजे सगळ्यांच्या मामांची, दृष्टी साखरेच्या आजारानं गेली, त्याला सात वर्षं झाली. त्याआधी तीस वर्षं ते इंजिनं दुरुस्त करायचे. पंप, जनरेटर, होडीला मागं लावतात ती मोटर, काहीही. डोळे गेले तरी धंदा सुटला नाही. पाना बायकोच्या, कृपाबाई मामींच्या हातात गेला आणि ऐकायचं काम मामांकडं राहिलं.

यंदा जानेवारीत मांडवगण फराट्याचा सावळाराम त्यांना न्यायला आला. भीमेत त्याची मासेमारीची होडी. पलीकडं दौंडच्या हद्दीत कुणाचं रान असेल, तर त्यालाही तो सोडायचा. मोटरीचा गिअर बिघडला होता.

"पुढचा पडतो, पण जोर दिला की कडकड करून सुटतो," तो म्हणाला. "रिव्हर्स तर लागतच न्हाई. आन् नदीच्या मधोमध गेलं की गिअरचा दांडा आपोआप हलतो, मामा. म्या हात बी लावत न्हाई."

काठावर कृपाबाईंनी मोटरीच्या तळाचा स्क्रू ढिला करून तेल बोटावर घेतलं. "पांढरं न्हाई. लोखंडाचा चुरा बी न्हाई." म्हणजे पाणी शिरलं नव्हतं, आतले दाते शाबूत होते. मग त्यांनी दांडा पुढं टाकून पंखा हातानं फिरवला. तो अडकायला हवा होता. थोडा अडकून घसरला. मामांनी मोटरीला कान लावला.

"दाते पुरते बसत न्हाईत. दांड्यापासनं खाली सळई जाते ना, ती जोडावर सैल झालीय."

मामींनी जोड जुळवून नट आवळला. पंखा गच्च अडकला. न्यूट्रलला टाकल्यावर मोकळा फिरला.

आता पाण्यात चालवून बघायचं होतं. तिघं होडीत बसले. नऊ वाजून गेले तरी धुकं उठलं नव्हतं. दोन्ही काठ दिसत नव्हते, नुसती जलपर्णी पाण्यावर हलत होती. मोटर छान चालली. मधोमध आल्यावर मामांनी मान वळवली.

"सावळाराम, चौथं माणूस कवा घेतलंस?"

"कुणी न्हाई, मामा. आपण तिघंच हाय."

"माझ्यासमोर कुणीतरी धापा टाकतंय."

टक. दांडा मधे, न्यूट्रलला आला आणि होडी थांबली. सावळारामचा एक हात मोटरीच्या मुठीवर, दुसरा होडीच्या कडेवर होता. मामींनी नट तपासला. घट्ट होता. सावळारामनं गिअर पुन्हा टाकला. टक. तिसऱ्यांदा टाकला. टक. इंजिन गुरगुरत होतं आणि होडी तिथंच.

"कृपे," मामा हळू म्हणाले, "ह्यात पान्याचं काम न्हाई. जरा सरकून बस. जागा दे."

मामी फळीवर एका बाजूला सरकल्या. शेजारची कोरडी फळी बघता बघता ओली झाली. मामींनी अंगावरची शाल काढली आणि त्या ओल्या जागेवर घातली.

या वेळी गिअर पडला तो टिकला. दौंडच्या काठाला होडीचं नाक चिखलात रुतलं. कुणीच उठलं नाही, पण पुढची बाजू एकदम वर आली, जशी माणूस उतरल्यावर येते. मग काठावरची जलपर्णी एकेका पावलाएवढी दबत गेली.

"गेलं," मामा म्हणाले.

धुकं विरेपर्यंत ते तिथंच बसून राहिले. परतताना गिअर एकदाही सुटला नाही, रिव्हर्सही लागला.

सावळारामनं नंतर दोन्ही तीरांवर चौकशी केली. बुडालेल्या कुणाचं नाव निघालं नाही. मोटर ठणठणीत आहे, पण धुक्यात तो आता होडी काढत नाही. मामांना कुणी विचारलं तर ते सळईचा जोड कसा ढिला होतो, तेवढंच समजावून सांगतात.

कृपाबाईंनी भिजलेली शाल पिळून वाळत घातली आणि रविवारी तीच पांघरून चर्चला निघाल्या. मुलगी एस्थर म्हणाली, "आई, टाकून दे ती. भीती न्हाई वाटत तुला?"

"वाटली की गं," मामी म्हणाल्या. "पण लई गारठलं हुतं ते. फळी सुद्धा थरथरत हुती."