तहाचा गूळ

आमच्या भागात तह करायची एक रीत होती. बांधावरून दोन भाऊबंदांची डोकी फुटायची वेळ आली, की चार जाणती माणसं मध्ये बसायची. ज्यानं ज्याचं जे धरून ठेवलं असेल, बैल म्हणा, मोट म्हणा, ते आधी सोडायचं. मग गूळ फोडून दोघांच्या तोंडात घालायचा. गूळ खाल्ला की तोंड बंद. पुन्हा कुणी त्या भांडणाचं नाव काढलं, तर पंचच त्याला झाडायचे. म्हणून आईला वाटायचं, जपानशी तह झाला की माझा बाप सुटणार. यात तिचं काय चुकलं, ते मला कुणीतरी सांगा.

बाप इंग्रजाच्या पलटणीत होता; लढाईत शिंगापूरला जपान्यांकडून धरला गेला, एवढंच आम्हाला कळलं होतं. मला ते कितीतरी दिवस शिंगणापूरच वाटायचं. आमच्या शेळगावातली माणसं तिथल्या महादेवाला जाऊन परत येतात, मग ह्यालाच यायला काय धाड भरलीय, म्हणून मी रागवायची. लढाई थांबली, इंग्रज गेला, इकडचे तिकडचे शिपाई घरी आले. आमच्या माणसाचा पत्ता नाही. तरी आईनं कुंकू पुसलं नाही. लढाई थांबलीय, पण जपानशी आपला तह अजून व्हायचाय, असं तात्यांनी एकदा पेपर वाचून सांगितलं होतं. तेवढ्या एका बोलण्यावर ती विसंबून बसली होती.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. आई दाराआडून बोलायची, तेही माझ्या तोंडून. "इचार गं, तात्यास्नी च्या हवा का." तात्या दोन हातांवर बसलेले, त्यांना सगळं ऐकू गेलेलं, तरी मी पुन्हा विचारायचं. ते उत्तर मला सांगणार, आई ते आतून ऐकणार. वकिलाला निदान फी तरी मिळते!

बावन्न साली तात्या बारामतीच्या बाजारातून आले ते छाती फुगवूनच. बरोबर गुळाची ढेप. "जपानशी तह झाला! आन् आपल्या सरकारनं काय मोठं मन केलं! भरपाईचा रुपाया नगं म्हनलं. समदं माफ!"

आत भांडं आपटलं. "इचार गं, धरलेली मानसं कवा सोडनार?"

मी विचारलं. तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अगं, कैदी कवाच सोडलं. आता तितं कोन ऱ्हायलंय?"

"मंग माफ काय केलं? बैल माझा गेला आन् माफ ह्यांनी केला व्हय? मला इचारलं व्हतं का कुनी?"

हे मात्र मला विचारवेना. तात्यांनी ऐकलंच होतं. "सांग तिला, देशाचं काम असं घराघरात इचारून हुत न्हाय."

गूळ आळीभर वाटला गेला. माझ्या हातातला खडा आईनं हिसकावून घेतला. "न्हाय खायाचा. आपलं मानूस आल्याबिगर कसला तह?" त्या दिवसापासून तिनं गूळ सोडला. उसाचा मुलूख, शेजारी गुऱ्हाळ पेटलेलं, आणि ही बाई फिका चहा प्यायची.

सूड धरून बसायचं नाही यात शहाणपण असेलही, आता वय झाल्यावर मी ते मानते. पण मोठं मन म्हणे! दुसऱ्याच्या कुंकवावर मन मोठं करायला काय जातं?

पुढं मला पिंपळीचं स्थळ आलं. माणसं बरी होती, मळा पाण्याखालचा होता. त्यांचं म्हणणं एकच, "पोरीचा बाप हाय का न्हाय ते आधी ठरवा. लग्न झाल्यावर सुतक नगं." बाप पलटणीत गेल्याला बारा वर्षं झालीच होती. बारा वर्षं माणूस आला नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि तो गेला म्हणून सोडून द्यायचं. तात्या म्हणाले, एवढं उरकून टाकू.

"मला न्हाय करायचं लगीन!" मी ओरडले. आईनं माझं तोंड दाबून धरलं. मग दाराकडं वळून हळूच म्हणाली, "इचार गं, कवा करायचं त्ये."

ओढ्याकाठी तात्यांनी पुतळा पेटवला. गवतच ते, भुरकन जळून गेलं. बायकांनी आईच्या बांगड्या फोडल्या. तेराव्याला गोड जेवण झालं. तात्यांनी दाराशी ताट सरकवलं, वर गुळाचा खडा. "सांग तिला, आता तोंड गोड कर म्हनावं."

मी काही बोलायच्या आत आई दाराबाहेर आली. कपाळ पांढरंफटक. जन्मात पहिल्यांदा तात्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली. खडा उचलला, तोंडात टाकला, चावून गिळला.

"झाला तह," ती म्हणाली. "सरकार सुटलं, जपानवाला सुटला, तुमी सुटला, माझी पोर बी सुटली. धरलेलं मानूस तेवढं न्हाय सुटलं."