निमोण्याची स्मरणशक्ती

बसा, चहा घ्या. शिकलेला माणूस किती खोल खड्ड्यात पडू शकतो, ते आज सांगतो तुम्हाला. आणि खड्डासुद्धा त्याचा त्यानंच खणलेला, बरं का!

मी संख्याशास्त्रवाला. निमोण्यात, म्हणजे आमच्या गावात, एवढंच ठाऊक की हे पोरगं पुण्याला डोक्याचे फोटो काढून गणितं करतं. तसं ते खोटंही नाही. मनाच्या आजारात मेंदूत काय बदलतं आणि त्याचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हे आम्ही आकड्यांतून शोधतो. पण आजारी माणसांची तुलना करायला निरोगी माणसंही लागतात. आणि पुण्यात ती मिळेनात! म्हणजे असतील, पण सुट्टीच्या दिवशी डोकं द्यायला कोणी तयार होईना.

आमच्या गाईड मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "दिवाळीच्या आत निरोगी गट पुरा कर. नाहीतर तुझी फेलोशिप वाढवायची शिफारस मी करणार नाही."

फेलोशिप गेली की मी थेट घरच्या कांदे साठवायच्या बराखीत! मग काय, गावाकडे धावलो. शिरूरला एका सेंटरचं स्कॅनचं मशीन रविवारी मोकळं मिळत होतं. मारुतीच्या पारावर मंडळी जमवली आणि हात जोडले. "माझ्या पीएचडीचा प्रश्न आहे. आता तुम्हीच मला पास करू शकता."

हे वाक्य बोललो आणि तिथंच माती खाल्ली!

सोपानआबा, आमच्या गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन, उभे राहिले. "त्या मशिनीत मनातलं दिसतंय का रं?"

"नाही आबा."

"म्हंजी सोसायटीला कुणी कुणाला मत टाकलं, त्ये?"

"अजिबात नाही!"

सगळ्या पारानं सुस्कारा सोडला. सगळ्यात मोठा सुस्कारा आबांच्या सख्ख्या भावाचा होता, पण ते जाऊ द्या.

"मग काळजी सोड," आबा म्हणाले. "आपल्या गावचं पोरगं हाय. मानसं मी आणतो."

आणि आणलीच की! दर रविवारी जीप भरून.

परीक्षा साधी होती. मी एकेकाला आत बोलावून काही शब्द वाचून दाखवायचो. चिमणी, बादली, ताक, टोपी, विहीर, कंदील, असे. याद्या दोन होत्या, आलटूनपालटून वाचायचो. मग स्कॅन. मग बाहेरच्या ओट्यावर जरा बसायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा आत येऊन आठवतील तेवढे शब्द सांगायचे. सगळं अगदी शास्त्रशुद्ध! आता ज्यांचा नंबर यायचा होता ती माणसंही त्याच ओट्यावर चहा पीत होती. पण ओटा एकच होता, त्याला मी काय करणार?

आकडे यायला लागले आणि मी उडालो. पहिल्या रविवारी सकाळची माणसं बेताची. दुपारची हुशार. पुढच्या रविवारची त्याहून हुशार! रखमाकाकू मला आजही माझ्या भावाच्या नावानं हाक मारतात. त्यांचा एक शब्द चुकला नाही!

गंमत म्हणजे स्कॅनशी या हुशारीचा काही मेळ बसेना. मेंदूत आठवणींचं काम बघणारा एक भाग असतो. तो मोठा की आठवण चांगली, असं थोडंफार तरी दिसायला हवं होतं. छे! आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? ओट्यावर जाऊन एक कप चहा प्यायला असता. मी लॅपटॉप उघडला.

गणितात वय घातलं, शिक्षण घातलं, झोप घातली, तंबाखूसुद्धा घातली. शेवटी एकच गोष्ट टिकून राहिली. माणूस जेवढा उशिरा आला, तेवढी त्याची स्मरणशक्ती चांगली. आमच्यात पी-व्हॅल्यू म्हणून एक आकडा असतो. तो जितका लहान, तितकं ते निव्वळ योगायोगानं घडलेलं असणं अवघड. माझा आकडा इतका लहान, की नुसती शून्यं बसवायला जीप लागली असती! मी लगेच सिद्धांत मांडला. ग्रामीण मेंदू भाकरीनंतर फुलतो! मॅडमना स्लाइड पाठवल्या. परदेशातल्या परिषदेसाठी कोणत्या रंगाचा कोट शिवावा, यावरही विचार झाला.

मॅडमचा फोन आला. "या रविवारी मी स्वतः येते."

त्या दिवशी नेमकी आबांची पाळी. इतके दिवस ते माणसं गोळा करण्यात अडकलेले, म्हणून शेवटी राहिले होते. परीटघडीचं धोतर, कडक टोपी. मी आपला बाजूला नवरदेवासारखा उभा.

मॅडमनी कागद उचलला. "आबा, आता मी तुम्हाला काही शब्द..."

"चिमणी, बादली, ताक, टोपी, विहीर..." आबा सुटलेच! डोळे मिटून, एका दमात शेवटपर्यंत. मग डोळे उघडून अदबीनं विचारलं, "का दुसरी म्हनू, बाई? ती उंटावाली?"

"आबा," मॅडम हळूच म्हणाल्या, "मी अजून काही वाचलंच नाही."

"त्यो तरास तुमी कशाला घेताय! आमी जीपमदीच समद्यांकडनं घोकून घेतो. पयल्या टायमाला आमची मानसं जरा कच्ची पडली. मग ओट्यावर ठरलं, जो भाईर यील त्यानं ध्यानात हाय तेवढं मागच्याला द्यायचं. सोसायटीच्या विलेक्शनला चिन्ह पाठ करून घेतो, तसंच! पोरानं हात जोडल्यालं, बाई. गाव त्याला नापास हू दील व्हय?"

अहो, म्हणजे पी-व्हॅल्यू बरोबरच होती की! योगायोग नव्हताच तो. गाव होतं!

खरं सांगतो, लाजेनं मान वर होईना. आणि आबांच्या त्या समाधानी तोंडाकडे बघून भरूनही आलं.

"स्कॅन ठेवू," मॅडम म्हणाल्या. "स्मरणशक्तीचे आकडे सगळे रद्द. नवे शब्द, दुसरं गाव."

"आणि माझी फेलोशिप?" माझा आवाज चिरकला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "इतके रविवार हे शब्द तूच वाचतोयस. आणि तुला कोणी जीपमध्ये घोकायला लावलेलं नाही. म्हणजे निमोण्याचा एकच स्वच्छ नमुना उरलाय. म्हण बघू पहिली यादी."

मी घसा साफ केला. "चिमणी. बादली. ताक. टोपी. विहीर..." आणि पुढं अंधार! उंट? नाही, तो दुसरीतला. आत्ताच आबांनी म्हटलेलं, तरी आठवेना.

तेवढ्यात मॅडमच्या पाठीमागं आबा दिसले. मूठ वळून हात वर धरलेला आणि हवेत काहीतरी हेलकावत होते. ओठ जिवाच्या आकांतानं हलत होते.

"कंदील!" मी ओरडलो.

मॅडमनी मागं वळूनही बघितलं नाही. पेन उचललं आणि कागदावर आडवी रेघ मारली.

"कॉपी," त्या म्हणाल्या. "हाही नमुना बाद. फेलोशिप वाढवायची शिफारस करते. तुझं शिक्षण अजून व्हायचंय, याला आता पुरावा भरपूर झालाय!"