रोलरवरची जाळी

सत्तरच्या दशकात मी चिंचवडच्या एका बिस्किट कारखान्यात रोलरवर होतो. मळलेलं पीठ वरून पडायचं, दोन लोखंडी रोलरांमध्ये दाबलं जायचं आणि चादरीसारखं पसरून साच्याखाली जायचं. पुढे भट्टी. भट्टीवरच्या माणसांच्या हातांवर ट्रेच्या कडेचे डाग असायचे, जुने पांढरे, नवे तांबूस. चटका बसला की नळाखाली हात धरायचा, मलम लावायचं आणि परत ट्रे उचलायचा. भाजणं म्हणजे अपघात, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

रोलरच्या तोंडाशी, हात आत जाऊ नये म्हणून, एक जाळी होती. पीठ चिकट झालं की रोलरला लगदा धरायचा, आणि तो खरवडायचा तर जाळी काढावी लागायची. मशिन बंद करायचं, जाळी काढायची, खरवडायचं, जाळी परत बसवायची, असा नियम. उन्हाळ्यात लगदा सारखाच धरायचा. दर वेळी एवढं कोण करणार? मग जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवायची, हा सगळ्यांचाच रिवाज झाला होता.

त्या दुपारी मीही तेच केलं. तीनला माझी पाळी सुटली. दुसऱ्या पाळीत माझ्या जागी येणारा माणूस चाकणजवळच्या खेड्यातला, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. सकाळी शेतातलं उरकून एसटीने कामावर यायचा.

"पीठ चिकट आहे आज," मी म्हणालो.

"बघतो," तो म्हणाला.

जाळीबद्दल मी काही बोललो नाही. मला सांगवीची बस धरायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तेव्हा रोलर धुऊन पुसून ठेवला होता आणि जाळी जागेवर होती. चालू मशिनवर लगदा काढताना त्याची बाही सापडली, उजव्या हाताची तीन बोटं गेली, असं भट्टीवाल्याने सांगितलं. सांगताना त्याचं ट्रे उचलणं चालूच होतं. त्या वेळचं सगळं पीठ फेकून द्यावं लागलं, असंही तो म्हणाला.

दहाच्या सुमारास सुपरवायझरने मला बोलावलं. "तो म्हणतोय, जाळी त्यानेच काढली. तू गेलास तेव्हा होती ना?"

"होती," मी म्हणालो.

मला कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या वेळी एवढंच कारण मला पुरेसं वाटलं.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी इस्पितळात गेलो. तो उशीला टेकून बसला होता, बँडेजचा हात पोटावर. बायको शेजारी मोसंबी सोलत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, "जाळी मी काढली होती."

"ठाव हाय मला."

"मग तुम्ही स्वतःचं नाव का सांगितलंत?"

"आल्या आल्या दिसलं व्हतं, जाळी भिंतीला हाय. म्या बसवली न्हाई. म्हनलं, पुन्यांदा काढायचीच हाय. मग काढली कुनी, याला काय अर्थ राहिला?"

"अर्थ हाय," त्याची बायको मोसंबी खाली ठेवत म्हणाली. "हापिसात लिवलंय, ह्यांनी आपल्या हातानं करून घेतलं. उद्या ह्यांना कामावर घ्यायचे न्हाईत. तुमी जाऊन सांगा तिथं." तिचा आवाज चढला नव्हता. तिने एक फोड माझ्याही हातावर ठेवली.

सोमवारी मी मॅनेजरसमोर उभा राहिलो. जाळी मी काढली होती, विचारल्यावर खोटं बोललो, आणि आम्ही सगळेच ती काढतो, असं सांगितलं. शेवटचं वाक्य माझ्या पाळीतल्या लोकांना आवडलं नाही. मला आठ दिवस घरी बसवलं. परत आलो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसेना. मात्र मी नसताना त्यांच्यातल्याच दोघांनी मॅनेजरकडे जाऊन, हे खरं आहे, असं सांगितलं होतं. त्या जखमी माणसाच्या कागदावरचा शेरा बदलला. चार महिन्यांनी त्याला पॅकिंगमध्ये घेतलं, पुडे तपासायला.

जाळीला खटका बसवला गेला. जाळी काढली की मशिन बंद. काम मंदावलं, लोक वैतागले, आणि दोनेक महिन्यांत कुणीतरी तो खटका तारेने बांधून टाकला. मी ते पाहत होतो आणि गप्प होतो. कुणाकडून तरी पॅकिंगमध्ये त्याला हे कळलं. तो आला, मशिन बंद केलं, तार सोडून खिशात घातली. कुणाला बोलला नाही, तक्रारही केली नाही. त्यानंतर तो रोज एकदा तरी पॅकिंगमधून येऊन खटक्याकडे बघून जायचा. मी तिथे होतो तोवर तार पुन्हा बांधली गेली नाही.