चारी शेजाऱ्यांना विचारणाऱ्या वकीलबाई

माझे साडू वामनराव यांनी आमच्या कॉलनीची मोकळी जागा परस्पर विकली आणि ती वकील शालिनीबाईंच्या सल्ल्याने विकली, असं लोकांना सांगितलं. जागा विकून त्यांनी कॉलनीला फसवलं. बाईंचं नाव घेऊन त्यांनी बाईंना फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे मला बाईंबद्दल लिहायचं आहे, आणि मध्येच राग उसळला तर माझ्या हातून लिखाण बिघडेल. बाई जाऊन आता महिना उलटून गेला.

बातमी आली तेव्हा मी भीमपूरकडे एका शेतात जमिनीच्या सौद्याला बसलो होतो. कपाशीची पऱ्हाटी नुकतीच उपटलेली, बांधावर आम्ही दोघं, मी आणि शेतमालक. भाव अडला होता. तेवढ्यात बाईंचे धाकटे भाऊ मिलिंद सर, जे शाळेत शिकवतात, त्यांचा फोन आला. "भाऊ... ताई गेली." मी फोन खिशात टाकला, उठलो आणि काही न बोलता मोटारसायकलकडे चालू लागलो. शेतमालकाला वाटलं, हा भाव पाडायचा डाव आहे. तो बिचारा ढेकळांतून माझ्या मागे धावत आला. "शेठ, थांबा ना जी, काऊन रागावता? करू ना अजून थोडं कमी!" गाडी सुरू होईपर्यंत तो कमी करतच होता. ही गोष्ट बाईंना सांगितली असती तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या असत्या. रस्त्यात मला हेच सुचत होतं, की आता ही गोष्ट सांगायची कोणाला...

मी मूळचा भाजीवाला. आदिलाबादच्या बाजारात पोत्यावर बसून वांगी, कोथिंबीर विकली आणि तिथून उठून प्लॉटच्या धंद्यात आलो. शाळा फार झाली नाही, पण माणूस खरं बोलतो की खोटं ते त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. वकील तोवर बरेच पाहिले होते. काय लिहायचं ते आपण सांगावं आणि त्यांनी ते लिहावं, असा माझा अनुभव. शालिनीबाईंकडे पहिल्यांदा गेलो तो इंद्रवेल्लीकडच्या एका जमिनीसाठी. जमीन आदिवासीची होती. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने घेता येईल, असं मला एकाने सांगितलं होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ते जमीन तुमाले घेता येत नाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावानं नाई, बायकोच्या नावानं नाई, कोणाच्याच नावानं नाई. आदिवासीची जमीन आदिवासीलेच जाते, कायदाच तसा हाय."

"सगळेच घेऊन राह्यले, बाई."

"मंग सगळ्यांच्या वकिलाकडं जा."

मी ओरडलो. ओरडणं हे माझ्या धंद्याचं हत्यार आहे, समोरचा दबतो. बाई दबल्या नाहीत. माझं संपेपर्यंत त्या पेनचं टोपण फिरवत बसल्या आणि मग म्हणाल्या, "झालं? पाणी घ्या जी. घसा सुकला असंल." मी पाणी न घेताच निघालो. पण पुढच्या आठवड्यात दुसरं काम घेऊन परत त्यांच्याच पायऱ्या चढलो. बाजारात मी एवढं शिकलो होतो, की ज्याला माल खपवायची घाई नाही त्याचाच माल चांगला असतो.

बाईंची काम करायची एक रीत होती. जमीन घ्यायची म्हटलं की बाकीचे वकील विकणाऱ्याचे कागद मागतात. बाईही मागायच्या, पण ते पिशवीत टाकून आधी त्या जमिनीच्या शेजाऱ्यांकडे जायच्या. पूर्वेच्या शेतकऱ्याला विचारायचं, तुझ्या पश्चिमेला कोण? पश्चिमेच्याला विचारायचं, तुझ्या पूर्वेला कोण? तसंच उत्तरेला आणि दक्षिणेला. चौघांनी एकच नाव घेतलं तर मग कागद उघडायचे. "जमिनीचा मालक खोटं बोलू शकते," त्या म्हणायच्या, "पण चार शेजारी एकसारखं खोटं बोलत नाईत. त्यांचं आपसात कुठं पटते?" या कामात घरोघर चहा व्हायचा. साखर वाढली होती तरी त्या कोणाच्या घरचा चहा नाकारत नसत. मी टोकलं की म्हणायच्या, "शेठ, ज्यांच्या ओट्यावर माझ्या बापाले बसू देल्लं नाई, ते आता मले खुर्ची देऊन चहा देतात. साखरेसाठी सोडू का?" त्यांचे वडील भीमपूरकडच्या एका गावात सालदार होते. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर राबले. मुलीला पायाखालच्या जमिनीचा एवढा नाद का होता, ते मला त्या चहावरून समजलं. मी त्याबद्दल कधी बोललो नाही, त्यांनीही पुन्हा काढलं नाही.

मला सगळ्यात राग यायचा तो त्यांच्या बाजारहाटाचा. कायद्यात एक शब्द न सोडणारी ही बाई भाजीवाल्याने सांगितला तो भाव मुकाट्याने द्यायची. एकदा मी पाहिलं आणि भर बाजारात डोक्याला हात लावला. तेव्हापासून आदिलाबादच्या बाजारात त्या असल्या की मी पिशवी त्यांच्या हातातून काढून घ्यायचो. त्या मागे उभ्या राहून भाजीवालीची डोळ्यांनी माफी मागायच्या आणि मी पुढे सरकलो की हळूच जास्तीचं देऊन यायच्या. हे मला खूप उशिरा कळलं, तेही भाजीवालीनेच हसत हसत सांगितलं. "तुमी भाव पाडता, बाई भरून देते. आमाले तर तुमी आले की आनंदच होते!"

आमची कॉलनी बाईंनीच उभी केली, असं म्हटलं तरी चालेल. जमीन वामनरावांच्या नावावर, धावपळ माझी, कायदा बाईंचा. वामनराव माझ्या बायकोच्या, सुमनच्या, मोठ्या बहिणीचे यजमान. गोड बोलणारा माणूस. लेआउट टाकताना मोकळी जागा सोडावी लागते, हे मला माहीत होतं, पण मी कडेची, नाल्याकाठची, खड्ड्याची जागा दाखवली. बाई म्हणाल्या, "मधली द्या." मी म्हटलं, "बाई, मधली जागा म्हणजे सगळ्यात चांगले प्लॉट." त्या म्हणाल्या, "म्हणूनच. पोरं काय खड्ड्यात खेळतीन?" या एका गोष्टीवर आम्ही कितीतरी दिवस भांडलो. माझ्या धंद्यात मी हरलेला एवढा मोठा सौदा दुसरा नाही. आणि नंतर त्या जागेत संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळू लागली, उन्हाळ्यात बायका कुरड्या घालू लागल्या, बतुकम्माच्या, तेलंगणातल्या फुलांच्या सणाच्या, दिवसांत तेलुगू आणि मराठी बाया एकाच फेऱ्यात फिरू लागल्या, तेव्हा तिथून जाताना मी उगाचच गाडी हळू करायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, जागा मी सोडली.

अशी जागा कायद्याने पंचायतीला दानपत्र करून द्यावी लागते. सही वामनरावांची लागणार होती. बाई त्यांच्या मागे लागल्या, मीही लागलो. "करू ना, कुठं पळून चाललो?" असं म्हणत त्यांनी ते लांबवलं. मग बाईंना मूत्रपिंडाचा आजार निघाला, डायलिसिस सुरू झालं आणि त्यांचं कचेरीत जाणं सुटलं. सरकारी नोंदीत ती जागा अजून वामनरावांचंच शेत म्हणून दिसत होती. त्यांनी ती शेत म्हणूनच विकली. एका सकाळी कॉलनी उठली तर मैदानाला तारेचं कुंपण! लोक त्यांच्या घरावर गेले. तिथे हा माणूस हात जोडून म्हणाला, "मले काय समजते कायद्यातलं? वकीलबाईनं सांगितलं, विकता येते. म्हणून विकली."

लोकांना ते पटलं. प्रत्येक प्लॉटवाल्याने बाईंच्या सल्ल्यावर विश्वास ठेवून प्लॉट घेतला होता. ज्या नावावर विश्वास टाकला, त्या नावावरच राग निघाला. मी घरोघर फिरून सांगितलं, पण मी पडलो वामनरावांचा साडू आणि भागीदार. माझं कोण ऐकणार? एक तेलुगू शिक्षिका, जी सणाला बाईंच्या घरी डबा पाठवायची, ती डायलिसिसच्या वॉर्डात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आप भी?" एवढंच. ती गेल्यावर मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर बाई म्हणाल्या, "तिच्या पोराचं मैदान गेलं. ते बोलणारच. तिले काय म्हणता?"

मग कॉलनीने दुसरा वकील लावून दावा टाकला. त्यात वामनरावांच्या नावाखाली, प्रतिवादी म्हणून, शालिनीबाईंचं नाव. नोटीस घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. मिलिंद सरांचा चेहरा पडला. बाईंनी चष्मा लावला आणि दुसऱ्या कोणाचा कागद वाचावा तसा तो सगळा वाचला. वाचता वाचता एकदम थांबल्या.

"अरे! यानं तर नाला पूर्वेले नेला!"

मला आधी कळेना. जागा ज्या शेतातली, त्या शेताच्या चार हद्दी त्या वकिलाने वामनरावांच्या जुन्या कागदावरून उतरवल्या होत्या आणि तिथे पूर्व-पश्चिम उलटी झालेली होती. शेजाऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे हे असंच चालतं, एकाची चूक दुसरा उतरवतो, दुसऱ्याची तिसरा.

"या हद्दीनं दावा चालला तर वामनराव सुटतीन," बाई म्हणाल्या. "म्हणतीन, ही जागा तेच नोय. मिलिंद, लाव फोन त्या वकिलाले."

"बाई, दावा तुमच्यावर हाय!" मी ओरडलो.

"माझ्यावर हाय. पण जागा त्यांची हाय ना, शेठ."

त्यांनी फोनवर त्या पोरसवदा वकिलाला, धाप लागत असताना, कुठल्या शेजाऱ्याला काय विचारायचं ते सगळं सांगितलं. "सुधारून घ्या, अर्ज देता येते," असंही सांगितलं. स्वतःबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या वकिलाने हद्दी दुरुस्त केल्या. दावा आज उभा आहे तो त्यामुळे. बाईंचं नाव मात्र त्याने तसंच ठेवलं, त्याच्या अशिलांची तशी इच्छा होती.

शेवटी भेटलो तेव्हा त्या फार थकल्या होत्या. मी गेलो की नेहमी विचारायच्या, "आज कोणाले रडवलं?" त्या दिवशीही विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. म्हणाल्या, "शेठ, एक ऐकाल? माझ्यासाठी वामनरावाशी भांडू नका. सुमनताईची एकच बहीण हाय. तुमी भांडले तर त्या दोघी तुटतीन. माझं नाव... राहू द्या. कोर्टात निघंल खरं काय ते." मी काही कबूल केलं नाही. त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले. मी बराच वेळ तसाच बसलो, हात काढून घेतला तर त्यांना जाग येईल म्हणून.

बाईंच्या पुण्यानुमोदनाला, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, वामनराव आले. पांढरे कपडे घालून आले. बाईंच्या फोटोला हार घातला आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "मी जे केलं ते बाईंच्या सल्ल्यानंच केलं. अशी वकील होणे नाही." समोर कॉलनीचे लोक बसले होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी उठलो. सुमनने माझा सदरा खाली ओढला. समोर बाईंचे भाऊ हात जोडून बसले होते, बुद्धवंदना व्हायची होती. मी बसलो.

पुढे त्या तरुण वकिलाला मी गाठलं. तो ओशाळून म्हणाला, मयत प्रतिवादीचं नाव आता दाव्यातून कमी होईल. मी विचारलं, मग बाईंचा यात हात होता की नव्हता, ते कोर्ट कधी सांगणार? तो म्हणाला, आता तो प्रश्नच उरत नाही. म्हणजे ज्या कोर्टावर बाईंचा भरवसा होता, ते त्यांच्याबद्दल आता काहीच बोलणार नाही. कॉलनीतलं एखादं पोर मोठं होऊन विचारेल, आपलं मैदान कोणी घालवलं, तेव्हा घरचे बाईंचं नाव सांगतील. हे मला सहन होत नाही.

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा सुमन शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, बाईंनी नको म्हटलं होतं, तुझ्या बहिणीसाठी. तिने समोरचं पान ओढून घेतलं आणि वाचलं. मग म्हणाली, "लिहा. अक्का बोलणं सोडंल, तर तिच्या दारात जाऊन बसीन मी. बाईंच्या दारात आता कोण जाईन?"

तेव्हा वामनराव, हे तुमच्यासाठी. जागेचं काय व्हायचं ते कोर्ट पाहील, त्याबद्दल मी तुमच्याशी आज बोलत नाही. पण शालिनीबाईंनी ती जागा विकायला तुम्हाला केव्हा सांगितलं, कुठे सांगितलं, समोर कोण होतं, ते सांगा. सांगता येत नसेल तर येत्या रविवारी सकाळी कुंपणापाशी या. सगळी कॉलनी असेल, मिलिंद सर असतील. तिथे उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, बाईंचा यात काही संबंध नव्हता. मी तिथे भांडणार नाही. मी फक्त उत्तर ऐकायला येणार आहे.