प्लॅटिनमची जाळी

सुचेता कर्णिक भिवंडीच्या एका कॉलेजात १९८६ पासून रसायनशास्त्र शिकवत होत्या. समांगी, विषमांगी, सगळे उत्प्रेरक त्यांना तोंडपाठ होते; प्रत्यक्ष पाहिले होते ते मात्र कॉलेजच्या कपाटात होते तेवढेच. एम.एस्सी.नंतर पुण्याला संशोधनासाठी जागा मिळाली होती, पण त्याच महिन्यात वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या इथेच राहिल्या.

२००१ साली बारावीच्या वर्गात, अमोनिया बनवताना घालतात त्या लोखंडाचं उदाहरण देऊन त्यांनी सांगितलं, की उत्प्रेरक पुढच्या आणि उलट्या, दोन्ही अभिक्रियांचा वेग सारख्याच पटीने वाढवतो, म्हणून समतोल जिथल्या तिथेच राहतो, पदार्थ काही जास्त मिळत नाही. जवळच्या शेलार गावची उन्नती भोईर उठून उभी राहिली.

“मॅडम, अमोनिया जास्त मिळतच न्हाय, तर लोखंड घालायचं कशाला?”

“त्याच्याशिवाय तिथवर पोचायला आयुष्य पुरत नाही, म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळून जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

सात वर्षांनी एका दुपारी पुण्याच्या प्रयोगशाळेतून उन्नतीचा फोन आला. ती आता तिथे संशोधन करत होती.

“मॅडम, नायट्रिक आम्ल बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरतात ना, ती प्लॅटिनमची जाळी आज हातात घेतली.”

बाई हळूच खुर्चीत बसल्या. “कशी आहे गं?”

“मऊ. आपल्याकडच्या लूमवर विणल्यासारखी.”

“उन्हात चमकते?”

“थांबा, खिडकीत नेऊन बघते.”

फोन कानाशी घट्ट धरून सुचेताबाई वाट बघत राहिल्या.