डेव्हच्या शून्याचा मी केलेला एक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे हसलात तर मी सांगायचा थांबेन! एका चांगल्या माणसाचं अख्खं करिअर मी एका खडूने बुडवायला निघालो होतो. आणि तेही कशापायी? तर माणुसकीपायी, आणि थोडी सवयीपायी!

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आमचं ऑफिस दुबईत, देऱ्यात, गोदाम रास अल खोरला, धंदा पाण्याच्या पंपांचा. मी शिपिंगचे कागद बघायचो. एक दिवस सेल्समध्ये एक अमेरिकन आला, डेव्ह. सव्वासहा फूट उंच, आवाज मात्र मऊ. माझं आडनाव राजाध्यक्ष. हात मिळवता मिळवता त्याने त्याचं 'राज' करून टाकलं.

हा डेव्ह कोण, तर बेसबॉलचा प्रोफेशनल पिचर. पिचर म्हणजे आपला बोलरच समजा. लहान लहान गावांच्या टीममधून सात वर्षं पगारावर चेंडू टाकले पठ्ठ्याने. सगळ्यात वरची लीग एक पायरी राहिली आणि खांदा गेला. ऑपरेशन झालं, टीमने नारळ दिला, आणि हा आमच्याकडे पंप विकायला आला.

पण डोक्यातून गेलं नव्हतं हो! लंच टाइमला गोदामाच्या भिंतीला जुनी गादी टांगायचा, तिच्यावर खडूने चौकट काढायचा आणि लांबून चेंडू मारायचा. धाड! धाड! चौकटीबाहेर एक जाईल तर शपथ. मी डबा खात खात मोजायचो. क्रिकेटचा स्कोअरर ना मी! आमच्या शुक्रवारच्या ऑफिस टूर्नामेंटची स्कोअरबुकं बारा वर्षं माझ्या हातची होती. एक खाडाखोड दाखवा, म्हणाल ते हरेन.

एका दुपारी तो माझ्या डब्याशेजारी येऊन बसला. बोलणं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगतो.

"राज, माझा जुना कोच दुबईला येतोय, मुलीकडे. शुक्रवारी आमच्या इथल्या बेसबॉल टीमची मॅच बघणार आहे. त्याला पटलं, तर तिकडे निवडीच्या कॅम्पला बोलावेल."

"अरे वा!"

"मी एकतीस वर्षांचा आहे. यानंतर मला कोणी विचारणार नाही." जरा थांबून म्हणाला, "स्कोअर तू लिहिशील? तुझी वही बघितलीय मी."

आपली कॉलर अशी ताठ झाली म्हणून सांगू! त्याने नियमांचं पुस्तक दिलं, मी आठवडाभर घोकलं. एकच नियम काही केल्या पटेना. फील्डरच्या हातून चेंडू सुटला आणि बॅट्समन बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला, तर म्हणे ती बॅट्समनने कमावलेली हिट नाही. ती फील्डरची चूक, 'एरर', वेगळ्या रकान्यात लिहायची. आता मला सांगा, क्रिकेटमध्ये मिसफील्ड झालं तर रन कोणाची? बॅट्समनची! आणि नाव कोणाचं खराब? बोलरचं! मी ते पान उलटलं आणि पुढे गेलो.

शुक्रवारी सकाळी मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी श्वेता मैदानावर हजर. सुलभाने, म्हणजे आमच्या हिने, थर्मासभर चहा आणि डबाभर साबुदाणा वडे दिले होते. माझ्या टेबलाजवळ मोठा फळा, त्यावर तीन रकाने: रन, हिट, एरर. पलीकडे सावलीत खुर्ची टाकून तो कोच बसला होता, पांढरी टोपी घालून. चेहऱ्यावरची माशी हलेना.

आणि डेव्हने काय टाकलंय! बॅट्समन यायचे, हवेत बॅट फिरवायचे, परत जायचे. सात डावांची मॅच, डावाला तीन गडी; त्यातले चार डाव झाले तरी हिटच्या रकान्यात शून्य.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. डेव्ह बाकाच्या एका टोकाला एकटा बसला होता आणि बाकीची टीम दुसऱ्या टोकाला खेटून. मधे पाच माणसांची जागा रिकामी! त्यांचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर, बेनी, हॉटेलात कुक असलेला फिलिपिनो, सकाळी ह्याला मिठ्या मारत होता. तोही समोरून तोंड फिरवून गेला.

वाळीत टाकलं हो याला! एवढ्या महत्त्वाच्या दिवशी! मत्सर, दुसरं काय? आपण असताना आपल्या माणसावर ही वेळ? मी थर्मास उचलला, डबा उचलला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो.

"डेव्ह, चहा?"

त्याने नुसती मान हलवली.

"भांडण झालं का रे? मी बोलू बेनीशी?"

मी त्याच्या हातात एक वडा ठेवला. तो तसाच धरून बसला. म्हटलं, पोरगा खचलाय, धीर द्यायला हवा. मी स्कोअरबुक उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, "हे बघ! बारा आले, बारा गेले! एकही हिट नाही! अजून तीन डाव असेच काढलेस की नो-हिटर! कोच एकदम खलास!"

बाकाच्या त्या टोकाला कोणीतरी टोपी तोंडावर ओढली. बेनीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. डेव्हने डोळे मिटून घेतले.

बेनी मला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला. "मिस्टर राज! पिचरने एकही हिट दिलेली नसेल तर त्याच्याशी कोणी बोलत नाही. जवळ बसत नाही. तो शब्द तर कोणी उच्चारतच नाही! नजर लागते!"

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत त्याच्यावर?"

"रागावतोय कुठले? आम्ही श्वास जपून घेतोय!"

"हॅट्! अंधश्रद्धा," मी म्हणालो.

"बाबा, शारजा मॅचमध्ये यू डिडन्ट लेट आई गेट अप," श्वेता म्हणाली. "द कुकर बर्न्ट."

"ते वेगळं!"

"हाउ?"

मी थर्मास उचलून टेबलाकडे निघालो.

पाचवा डाव, शून्य. सहावा, शून्य. मी बेनीकडे बघून मिशीतल्या मिशीत हसलो. सातवा, शेवटचा. पहिल्याच बॅट्समनने चेंडू सरळ तिसऱ्या बेसवरच्या फील्डरकडे मारला. त्याच्या ग्लोव्हमध्ये आला, निसटला, पायात घोटाळला, आणि तोवर बॅट्समन बेसवर!

आणि माझा हात उठला हो. बारा वर्षांची सवय! हिटच्या रकान्यातलं शून्य पुसलं आणि तिथे सुबक, ठळक, लांबून दिसेल असा एक काढला.

मग जो गिल्ला झाला! बेनीने तोंडावरचा मास्क जमिनीवर आपटला. "एरर! ती एरर आहे!" तो फील्डर स्वतः छाती बडवत धावत आला, "माझी चूक! माझ्या हातून सुटला!" बघा, गुन्हेगार कबुली देतोय आणि मी ऐकत नाही!

"स्कोअररचा निर्णय फायनल!" मी ओरडलो. खरं सांगू? आतून ते उलटलेलं पान फडफडायला लागलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर मागे कसं यायचं? खाडाखोड करायची? मी?

"बाबा, जस्ट रब इट," श्वेता कुजबुजली.

"गप बस."

डेव्ह सावकाश चालत फळ्यापाशी आला. आधी त्या एककडे बघितलं, मग माझ्याकडे. पलीकडे कोच खुर्चीतून उठून उभा राहिला होता. एका माणसाची शेवटची संधी, आणि मी तिच्यावर खडू फिरवून बसलो होतो.

"राज, तुला जे दिसलं तेच लिहिलंस ना?"

"हो," मी कसाबसा म्हणालो.

"मग राहू दे." आणि टीमकडे वळून म्हणाला, "यल्ला, खेळा!"

पुढचे तीन बॅट्समन, नऊ चेंडू; तीन हुकले की माणूस बाद. एकाचीही बॅट चेंडूला लागली नाही. मॅच संपली.

कोच डेव्हपाशी आला. "खांदा बरा झालाय हे मला दुसऱ्याच डावात कळलं होतं. पण पूर्वीचा डेव्ह असता तर ग्लोव्ह फेकून निघून गेला असता. आज तू परत जाऊन चेंडू टाकलास. मार्चमध्ये कॅम्पला ये."

सव्वासहा फुटांचा माणूस तिथेच मातीत बसला आणि टॉवेल तोंडावर घेऊन रडला. मीही रडलो, लपवायचं कशाला?

मग कोच माझ्या टेबलाशी आला, वहीवर बोट ठेवून म्हणाला, "ही हिट तुम्ही त्याची परीक्षा बघायला मुद्दाम दिलीत का?"

आता देवच असं ताट वाढून देत असेल तर नाही कसं म्हणायचं? मी छाती फुगवली. "त्याचं काय आहे सर..."

"नो," श्वेता म्हणाली. "ही स्किप्ड दॅट पेज."

कोचने खिशातून खोडरबर काढून माझ्यापुढे धरला. बारा वर्षांतली पहिली खाडाखोड मी केली, आणि फळ्यावर हिटखाली परत शून्य काढलं. मग त्या पोरांनी डेव्हला खांद्यावर घेऊन जो नाच केला! बेनीने मलाही मिठी मारली, जरा जपूनच.

मार्चमध्ये डेव्ह गेला. कॅम्प झाला, एका छोट्या गावाच्या टीमने त्याला घेतलं. पुढच्या वर्षी त्याचं पाकीट आलं. आत युनिफॉर्ममधला फोटो आणि तीन पास. सुलभाचा भाऊ तिकडेच राहतो, उन्हाळ्यात आम्ही जाणार होतो हे त्याला ठाऊक होतं.

मी चिठ्ठी सुलभाला मोठ्याने वाचून दाखवली. "'राज, जूनमधल्या मॅचला फॅमिली घेऊन यायचंच. तुमच्यासाठी पहिल्या रांगेतल्या जागा ठेवल्यात, खेळाडूंच्या बाकाला अगदी लागून.' बघितलंस? याला म्हणतात माणूस जोडणं!"

"अहो, मागेही लिहिलंय काहीतरी," सुलभा म्हणाली.

मी चिठ्ठी उलटली. मागे लिहिलं होतं, "बाक समोरच्या टीमचं आहे. त्यांच्या पिचरशी अगदी मनसोक्त गप्पा मार."